तुडुमापासून सलंगापर्यंत

जानेवारीचा दुसरा रविवार, सकाळचे साडेसहा.
पाळीवर अर्धं गाव तणस पेटवून बसलेलं
आणि मी शाळेच्या ट्रॅकपँटमध्ये, तुडुमाजवळ,
गुडघाभर पाण्यात.

बोरकुटे सरांच्या वहीत नावं, नावांपुढे आकडे:
पोहली तर पन्नास. पोहली तर शंभर.
किराणावाल्या लांजेवारचे पाचशे, पण "पुरा तलाव पोहली तर".
सुभद्रामावशीची एक कोंबडी, पोहली काय नि बुडाली काय.

हे सगळं इस्तारीसाठी.
इस्तारी म्हणजे पडदा ओढणारा.

मंडईच्या रात्री ऑर्गनचा पहिला सूर खड्ड्यातून वर येतो,
तबला घसा खाकरतो, हजार माणसं बिड्या विझवतात,
आणि दोर ज्याच्या हातात असतो तो कोणाला दिसत नाही.
मला दिसायचा.
सात वर्षांची होते, त्यानंच विंगेत धानाच्या पोत्यावर बसवलं,
म्हणाला, "चूप राय. इथून सारं खोटं दिसते,
तरी रडू येते का, पाय."

आलं.
तेव्हापासून मी बिघडले.

भूगोलाच्या वहीत पदं लिहिली,
धानाच्या पेंढ्या बांधताना खलनायकाचं हसू हसले,
आरशात दोनदा विधवा झाले, एकदा इन्स्पेक्टर.
आई म्हणते, "ढिवराची पोट्टी तू, जाळं विणाचं सोडून
रातभर कोणाच्या मरणाची गाणी पाठ करून रायली वं?"

डिसेंबरात सामानाचा ट्रक नाल्यात कलंडला.
राजवाडा वाचला, तुरुंग वाचला,
इस्तारीची मांडी मोडली.
आता तो ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात, पायाला वीट टांगून,
आणि रॉडचा आकडा असा की ऐकून बायकोनं चहा पुन्हा उकळायला ठेवला.

मला गाता येतं. पण घरच्या पोरीच्या गाण्याला पैसे कोण देतं?
पोहता येतं. ते तर आमच्या मोहल्ल्यात शेळ्यांनाही येतं.
सर म्हणाले, "जानेवारीत पोह. थंडीला गर्दी होते."

पहिले वीस हात पाणी नसतं, सुया असतात.
बाबांची डोंगी डावीकडे. बाबा बोलत नाहीत, वल्हं बोलतं.
शिंगाड्याच्या वेलींतून अडई शिळा घालत उठल्या.
मी मनात दुसऱ्या अंकाचं पद धरलं,
ज्यात बहीण भावाला ओळखत नाही.
एका ओळीला चार हात. समेवर श्वास.

तलावाच्या मध्यात पद गेलं.
शब्द होते, चालच गेली.
थंडी आधी चाल खाते, बोटं मागून.
दात तेवढे वाजत होते, तेही बेताल.

तेव्हा पाळीवरून पेटी ऐकू आली.
रुषीकाका ऑर्गनवाले, मफलर बांधून, पेटी खाटेवर.
वाऱ्यात खालचे सूरच पोचत होते,
आणि बोटं त्यांचीही गारठलेली, लय पळत होती, अडखळत होती.
मी तोंडातलं पाणी थुंकून ओरडले,
"काका, ठाय धरा ना, ठाय!"
शेकोट्यांवर हसू पसरलं.
डोंगीतून बाबा हसले, त्या दिवशी पहिल्यांदा.
पेटी सावकाश झाली.

सलंगाचा दगड हाताला लागला,
तो दगडच आहे हे हाताला उशिरा कळलं.

आठ हजार सातशे चाळीस. एक कोंबडी.
लांजेवारनं पाचशे मोजताना दोनदा थुंकी लावली.
रॉडला पुरत नाहीत.
सरांनी वही मिटली नाही, पान उलटलं.

रात्री शेजारच्या गावात नाटक होतं.
मी घोंगडीत, नाक बंद, आवाज बसलेला, त्याच पोत्यावर.
दोराला नवा माणूस. वाईट नाही, पण घाई आहे हाताला.
नायिका शेवटचा सूर सोडते, मग इस्तारी मनात तीन मोजायचा.
मी मोजलं.
दोनलाच पडदा पडला.

उद्या पहिल्या बसनं ब्रह्मपुरीला जाते.
पैशाचं सर सांगतील.
मला त्याला हे सांगायचं आहे.