शिफ्टखालचा ळ

रामबागेतला क्लास, दुपारी तीनची बॅच.
आठ पोरं आणि मी.
चौरसिया सर, वय असेल बावीस,
म्हणतात, "आंटीजी, बीच-बीच में सेव करते चलो."
इंदुरात मला सेव शिकवतो!
चाळीस वर्षं घरी पाडत्येय, लवंगेची.
पण परवा लाइट गेली
आणि दीड पान अर्ज गेला. बोलले नाही कुणाला.

आज नाव टाइप करायचं होतं.
सिंधू मुल्ये, असं आलं.
तसंच आहे सगळीकडे: वीजबिलावर, गॅसच्या कार्डावर.
बँकेतला कॅशियर तर "मूल्यजी" म्हणतो,
जणू भावच विचारतोय.
सासऱ्यांनी सोडून दिलं. ह्यांनीही.
मी दोनदा अर्ज केले, मग मीही.

"सर, ळ कुठाय?"
"वो क्या होता है?"
जीभ उलटी वळवून दाखवली. पोरं हसली.
मग सापडला.
डाव्या करंगळीनं शिफ्ट धरायचं आणि दाबायचा ल.
त्याच बटणावर होता की मेला!

मुळ्ये.
खाली लगेच लाल नागमोडी रेघ.
"आंटीजी, गलत बता रहा है."
बतावू दे.

उरलेला तास मी धडा सोडून
टाइप करत बसले
नळ, कंटाळा, भोपळा, हळद, जावळ,
तळलेलं, गाळलेलं, वगळलेलं.
पानभर लाल रेघा.
जाताना सेव केलं, न सांगता.
फाइलला नाव काय, विचारलं त्यानं.
करंगळी आपसूक गेली शिफ्टवर:

ळ