चिंधी

चौकशी अहवाल माझ्याकडे आला,
अमळनेरच्या ऑफिसात मराठी टायपिंग येणारा मी एकटाच.
मे महिना. कूलरमध्ये पाणी नव्हतं, नुसती घरघर.
मुद्दा चौथा : घटनेचे कारण.
साहेब म्हणाले, लिहा, मानवी चूक.
रकाना तेवढाच होता, दोन शब्दांचा.

बोरीकाठच्या सबस्टेशनमधली ती दोन हँडलं
मी पाहिलीत. एकाच करड्या रंगाची, एकाच उंचीवर,
एका ताग्यातले शर्ट घातलेल्या जुळ्या पोरांसारखी.
एक गावठाणाचं, एक मळ्यांचं.
नावाच्या पट्ट्या कधीच्या पुसलेल्या.

झुलाल आप्पा होता तोवर
मळ्याच्या हँडलला लाल चिंधी असायची,
बायकोच्या जुन्या लुगड्याची.
नव्या पोराला तो एवढंच शिकवायचा :
‘चिंधी दखजो, मंग हात लावजो.’
बारा वर्षं सगळं त्या चिंधीवर चाललं.
कुठल्याच रजिस्टरात तिची नोंद नाही.

मग स्वच्छता पंधरवडा आला.
वरून पथक यायचं म्हणून चिंधी काढली,
भिंत रंगवली, पेंटरनं वळणदार अक्षरात
‘सुरक्षा प्रथम’ काढलं.
शेरा मिळाला : उत्तम.
तोही मीच टाइप केला होता.

रात्रीचे पावणेतीन. ड्युटीचा अठरावा तास,
सुटका करणाऱ्याचं पद दोन वर्षं रिकामं.
फोन वाजतोय, गाव अंधारात, गावाच्या शिव्या.
मळ्याच्या खांबावर निंबा चढलेला.
हिलाल बाविस्करच्या हाताला एकच पाठ होतं :
चिंधी नसेल ते गावठाण.
आता दोन्हींना नव्हती.

निंबा वाचला. उजवा हात कोपरापासून गेला.
हे टाइप करताना माझ्याकडून ‘डावा’ पडलं.
साहेबांनी पेनानं गोल केला, हसले,
‘होतं असं. सकाळपासून बसलाय तुम्ही.
चहा घ्या, मग करा.’
चहा प्यालो. डावा खोडून उजवा केला.
मग म्हटलं, साहेब, त्या चिंधीचं कुठे घालू?
ते बराच वेळ कागद उलटसुलट करत राहिले.
तसा रकाना नव्हता.

हिलालच्या जागी आता पिंप्रीचा एक पोरगा आहे.
त्यानं म्हणे हँडलला काहीतरी बांधलंय,
बुटाची नाडी असावी.
मी कुणाला बोललो नाही.
पुढच्या महिन्यात तपासणी आहे.