शेऱ्याचा रकाना

खिडकी क्रमांक तीन. इथं बावीस वर्षं
मी मार्कलिस्टा उलट्या बाजूनं वाचतो,
पोरं काचेखालून सरकवतात तशाच.
उलटे आकडे मला कळतात.
सुलटी माणसं अजून अडखळत वाचतो.

तन्वीर शिकलगार. बारावी. त्रेचाळीस पूर्णांक सतरा.
खेळाडू कोट्याला पंचेचाळीस लागतात.
मिठारी सर म्हणतात,
"अहो, बाराला चाटून गेलेला बॉल हाय हा."
मी म्हणतो, सर,
चाटून गेलेला बॉल आपण गोल धरतो का?
सर हसत नाहीत.

गेल्या हंगामात शाहू स्टेडियमवर
ह्या पोरानं लागोपाठ दोन पेनल्ट्या अडवल्या
तेव्हा तिसऱ्या पायरीवर मीच होतो,
मांडीवरचा चिरमुऱ्यांचा पुडा सांडेपर्यंत उभा राहून ओरडणारा.
पेठेनं त्याला खांद्यावरून मिरजकर तिकटीपर्यंत नेला.
त्या रात्री टक्के कुणी विचारले नाहीत.
मीसुद्धा नाही.

केबिनमधून फोन येतो:
"बसवा कुठंतरी. यंदा कप पाहिजे."
बसवा.
पोर म्हणजे जणू कपाटाचं फुगलेलं दार,
रंधा मारला की बसतं.

कपाटावरून आठवलं.
खालच्या खणात प्रथमेश सासनेची फाईल आहे.
तोही असाच बसवलेला.
एकोणीस गोल. पेपरात फोटो,
खांद्यावर प्राचार्यांचा हात.
हजेरी नऊ दिवस.
अकाउंटन्सीच्या पेपरला तो मिरजेत उपांत्य सामना खेळत होता,
कॉलेजच्याच गाडीनं गेलेला, कॉलेजच्याच पत्रावर.
ते पत्र मीच टाइप केलं होतं.
सहा विषय राहिले. मग गुडघा गेला.
मग तो यायचाच थांबला.
दाखला न्यायलाही आला नाही,
सही-शिक्क्यासकट इथंच पडलाय.
परवा ताराबाई रोडला दिसला,
पाठीवर पार्सलांची चौकोनी पिशवी.
"काय साहेब," म्हणाला, "कप घासता का न्हाई अधनंमधनं?"

तन्वीरची आई आली आहे.
बोटांच्या पेरांत धारेच्या चाकाची काळी भुकटी.
नवरा गेल्यापासून चाक तीच फिरवते:
कात्र्या, विळ्या, खाटकांचे सुरे.
माझ्या टेबलावरची बोथट कात्री तिनं आधी बघितली,
मग मला.
वाकून, काचेच्या भोकातून म्हणाली,
"साहेब, एकच सांगा.
ह्याला शिकवणार हाय, का नुसतंच खेळवणार?"

मागं रांग दारापर्यंत.
कुणाची तरी छत्री खाली पडली.
आम्ही गुण विचारतो, जात विचारतो,
उत्पन्न, रक्तगट, गॅप असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र.
बावीस वर्षांत
पलीकडून आत असं काही आलं नव्हतं.
मिठारी सर बुटाच्या नाडीकडं बघत राहिले.
तन्वीर म्हणाला, "अम्मी, चल."
दोन पेनल्ट्या अडवणारे ते हात
आता खिशात कुठंतरी मावत नव्हते.

जरा थांबा, मी म्हणालो.
म्हणालो खरं. पुढं काय म्हणणार?
नियम माझा नाही. कप माझा नाही.
दोनाला थोडे कमी पडतात त्याला;
आम्हाला किती कमी पडतात
ती यादी नोटीस बोर्डावर कधी लागली नाही.

अर्ज आत ओढला.
शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद.
बारीक अक्षरात लिहिलं:
"पालकांनी प्रश्न विचारला आहे.
उत्तर आल्याशिवाय
अर्ज मंजूर वा नामंजूर करू नये."
आवकचा शिक्का मारला, तारखेसह.
शाई जरा फिकी उठली. परत मारला.

केबिनचा फोन वाजतोय.
ती माझी कात्री घेऊन गेली आहे,
उद्या धार लावून आणते म्हणाली.