खिंडार क्रमांक तीन

वादळाला तिकडे समुद्रावर नाव होतं.
आंध्र ओलांडताना ते कुठंतरी गळून पडलं.
नांदेडला पोचलं ते नुसतं पाणी,
बिननावाचं,
चार दिवस, चार रात्री.

पूरभिंत फुटली, असं पेपरात आलं.
फुटली नव्हती.
मी फोडली.

रात्री दोनचा सुमार, पोकलेनचे दोन्ही दिवे चालू,
आणि कमरेइतक्या पाण्यातून गोणारकर मॅडम ओरडताहेत,
"डावीकडं, मरीबा, डावीकडं घे!"

गंगा तर बाहेरच थांबली होती,
भिंतीला टेकून, पाहुण्यासारखी.
पाणी आत आलं ते आमच्याच नाल्यानं, उलटं.
नाल्याच्या तोंडाला लोखंडी झडप असते,
नदी चढली की आपोआप मिटणारी.
ती मिटली नाही.
मग दुसऱ्या दिवशी नदी उतरायला लागली
आणि आतलं पाणी काही उतरेना.
जी भिंत वस्ती राखायला बांधली
तीच पाणी राखत बसली.
माणसं पत्र्यांवर. पत्र्यांवर शेगड्या, कोंबड्या, एक आजारी म्हातारा,
आणि सगळ्यांची तोंडं माझ्या बकेटीकडं.

पहिला घास काढला तेव्हा काहीच झालं नाही.
चौथ्याला भिंत खोकली.
मग जे सुटलं ते सुटलं :
सिलिंडर, पाट्या, कुणाचं तरी कपाट,
आणि एका पोराची सायकल,
दिव्याच्या उजेडात क्षणभर उभीच्या उभी,
कुणी बसलेलं असावं तशी.

आता कार्तिक. कागदावर तिचं नाव
खिंडार क्रमांक तीन, लांबी अकरा मीटर.
पोटात चिकणमाती, वरून मुरूम, नदीच्या अंगाला दगड.
थर नऊ इंचाचा. रोलर. पाणी. पुन्हा रोलर.
नुसती काळी घातली तर उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात,
हे मॅडमना पुस्तकातून माहीत, मला बापाच्या शेतातून.
त्या मूठभर माती घेऊन लाडू वळतात,
कमरेच्या उंचीवरून सोडतात.
फुटला, तर थर परत.
काल तीनदा फुटला. टँकरवाला शिव्या देत गेला.

झडप काढली तेव्हा आत गादी निघाली.
निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, भिजून रेड्याएवढी जड.
चौघांनी ओढून काठावर टाकली.
गल्लीतली सगळी जमली, आणि सगळे लांबूनच,
आमची नाही, आमची नाही,
जणू मढं ओळखायला बोलावलंय.

नूरबी पिंजारीण आली.
तिचं दुकान छतापर्यंत बुडालेलं, कापूस अजून गच्चीवर वाळतोय.
तिनं चष्मा पुसला, वाकून कोपरा चाचपला,
शिवणीवरून अंगठा फिरवला.
"टाका माझा हाय," म्हणाली.
"कुणाला दिलती, ते बी ध्यानात हाय."
गर्दी गप.
मॅडमनी वही उघडली, पेन काढलं.
नूरबीनं गल्लीकडं एकदा पाहिलं,
एका दारावरून नजर पुढं नेली,
"बाई, मह्या गाद्या लई घरात हायत,"
आणि निघून गेली.
वहीत मॅडमनी लिहिलं : अडथळा, एक नग.

नवी झडप बसली. महिन्यातून एकदा ग्रीस,
असा कागदही चिकटवलाय पंपघरात.
ग्रीसचा डबा कोण आणणार, ते कागदावर नाही.

शेवटचा थर दाबून झाला. दगड लावताना
सगळ्या काळ्या दगडांत एक पांढरा मी मधोमध बसवला,
बरोबर जिथं पहिला घास काढला होता.
मॅडम म्हणाल्या, "हा कशाला? रांग बिघडते."

म्हटलं, राहू द्या.
अंधारात दिसायला.

त्यांनी दगडाकडं पाहिलं. मग माझ्याकडं.
मग मोजपट्टी गुंडाळली.