सहीची जागा

हुसाविक बंदरात देवमासे मोजणाऱ्यांच्या ईमेल
थोर्गेर्दुर रोज रात्री एका गठ्ठ्यात बांधते.
काल सह्या घसरल्या.
वरच्या दोन आडव्या रेघा कुठे वाहून गेल्या कोण जाणे,
ओळी एकमेकींच्या अंगावर,
तिच्याच नावाचं पहिलं अक्षर
प्रश्नचिन्ह होऊन बसलेलं.

सिगफिन्नुरनं लिहिलं होतं:
हिल्दुर पहाटे गेली. आठवडाभर मोजणीला नाही.
त्याला चिकटून हाल्डोरची सही:
टायर, बॅटरी. रविवारीही उघडे.

पाठवून झाल्यावर दिसलं तिला.
रात्रभर डोळा नाही.

सकाळी दुरुस्ती लिहायला बसली, तर
खिडकीतून समोर हाल्डोर,
शटर ओढून घेताना.
काखेत सुपाचं भांडं.

आज रविवार.
तिनं दुरुस्ती खोडली.
सही बरोबर पडली होती.