झीज वजा जाता

अर्जात रकाना होता : अंगठी नेमकी कुठे हरवली?
मी लिहिलं, कुओपिओच्या उत्तरेला, ब्लूबेरीच्या रानात,
गुडघाभर झुडपांत, बादली अर्धी भरली तेव्हा.
त्यांनी कळवलं, ठिकाण पुरेसं नेमकं नाही.

नेमकं ठाऊक असतं
तर वाकून उचलली नसती?

चौदा आठवडे. पावती मागितली;
सराफ वारला, त्याच्या दुकानात आता सायकली मिळतात.
फोटो मागितला; माझ्या प्रत्येक फोटोत
हात पिठात, नाहीतर कुणाच्या तरी खांद्यामागे.
शेवटी पैसे आले : सोन्याचा भाव,
एकतीस वर्षांची झीज वजा जाता.
कापून घेतला तेवढाच भाग खरं तर माझा होता.

आता टेबलावर तीन कंपन्यांची पत्रकं.
हप्ता मी शेवटी वाचते.
आधी बारीक अक्षरं, ताउनोच्या भिंगातून :
'कारण न कळता नाहीशी होणे' धरतात का,
किंमत आज ठरते की हरवल्यावर.
दुसरीत धरतात. हप्ता दुप्पट.
फोनवरची वेन्ला चांगली आहे, घाई करत नाही,
फक्त म्हणते, उरलेली अंगठी तोलून आणा.

उरलेली ताउनोच्या बोटात.
साबण लावला, लोणी लावलं, दोरा गुंडाळला,
तो ओरडला, मग दोघंही हसत सुटलो.
पेर सुजलंय. निघत नाही.

पत्रक फ्रिजवर लावून ठेवलंय.
तूर्तास विमा संधिवाताकडे,
हप्ता तोच भरतो, रात्री, कण्हत.