बाद: एक

शनिवारी रात्री दहाला शाळेचं दार लावलं
तेव्हा पेटीत सत्तावन्न लिफाफे होते.
यादीत नावं तीनशे अठरा.
इम्रिख म्हणाला, गेल्या खेपेला एकोणपन्नास होते,
म्हणजे युरोप वाढतंय.
कुणी हसलं नाही. थर्मासमधला चहा संपला होता
आणि पहिलीच्या बाकांवर बसून
पाचही जणांचे गुडघे धरले होते.

मी नोंदी करणारी. तेहतीस वर्षं याच वर्गात भूगोल शिकवला.
या भिंतीवर माझ्यादेखत देश फुटले,
त्यातल्या एकात तर आम्हीच राहत होतो.

लिफाफा फोडायचा, कागद उलगडायचा, पक्ष वाचायचा,
मग उमेदवारांच्या आकड्यांभोवतीचे गोल मोजायचे.
दोन गोल चालतात.
एकेचाळिसाव्या लिफाफ्यातून निघालं
बसचं वेळापत्रक.
थांब्यावरच्या फळीवरून सोडवलेलं, पिवळं पडलेलं,
चारही कोपऱ्यांना टाचण्यांचा गंज.
सकाळच्या पाच चाळीसला निळ्या शाईचा गोल,
संध्याकाळच्या सव्वापाचला दुसरा.
नियमात बसतील असे, बरोब्बर दोन.

ती बस ऑक्टोबरातच बंद झाली.

तरणी झेल्मिरा, पहिल्यांदाच समितीवर आलेली,
म्हणाली, याचा पक्ष कुठला?
मी तक्त्यात लिहिलं: बाद, एक.
त्या रकान्यात एवढंच मावतं.

सह्या झाल्या. पिशवीला सील लागलं.
इम्रिखने बजावलं, उद्या रात्री अकरापर्यंत
ब्र काढायचा नाही.
इटलीवाले अजून मतं टाकतायत.

रविवारभर मूग गिळून बसले.
चर्चच्या पायऱ्यांवर बायकांनी गाठलं:
ब्लाझेना, नुसती मान हलव, कोण पुढे?
पाद्रीबाबांनी हात हातात घेतला
आणि भुवई किंचित वर नेली.
ओंद्रेयला काही सांगण्यात अर्थ नव्हता,
माझ्या नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

सत्तावन्न मतांचं गुपित ते केवढं!
पण तिकडे पालेर्मोत कुणीतरी जेवून,
शीळ घालत, शेवटच्या घटकेला केंद्रावर जाणार होता
आणि आमच्या गावचा कौल
त्याच्या कानावर पडता कामा नये.
जन्मात पहिल्यांदाच
आमच्या गावाला कुणी इतकं भ्यायलं होतं.

दुसरं गुपित मात्र निराळं.
गोलाला हस्ताक्षर नसतं असं म्हणतात.
असतं. एक जण पाचवीत
राजधानीभोवती गोल काढायचं
ते असंच, खालून सुरू करून,
शेवटी टोक जुळायचं नाही.
नाव सांगणार नाही.
त्याला अकराची मुदत नाही.

अकराला टीव्हीवर नकाशा रंगला.
कुणी जिंकून रडलं, कुणी हरून हसलं.
आमच्या देशाच्या पंधरा खुर्च्या
त्या अर्धगोल सभागृहात ठिपक्यांसारख्या लुकलुकल्या.
आमचं गाव कुठल्यातरी टक्क्यात,
दशांशचिन्हाच्या बरंच उजवीकडे.
ओंद्रेय म्हणाला, एवढंच?
एवढ्यासाठी दिवसभर तोंड शिवलं होतंस?

सोमवारी झोप लवकर उघडली.
पाच चाळीसला थांब्यावर गेले,
का ते विचारू नका.
फळीवर फिकट चौकोन, त्यात एक कोळी.
बाकावर आधीच कुणी बसलं होतं,
मांडीवर पिशवी, पिशवीत दवाखान्याची फाइल.
मी शेजारी टेकले.
बस नाही, हे दोघांनाही ठाऊक.

काय लागला निकाल?
मी सांगितला. पक्ष, टक्के, पंधराच्या पंधरा जागा.
आणि बाद?
एक.
म्हणजे मोजलं.
मोजलं, मी म्हटलं. लिहूनसुद्धा ठेवलं.

पावणेसहाला वळणावर
दुधाच्या टँकरचे दिवे दिसले.
आम्ही दोघांनी हात केला.